शिशाचं खळं

आमच्याकडे माणूस ओळखायचा तो त्याच्या खळ्यावरून. घर मातीचं असो की चिऱ्याचं, कौलं गळकी असोत, चुलीवर काय शिजतंय ते कोणी बघत नाही. पण घरासमोरचं सारवलेलं खळं सपाट आणि घट्ट पाहिजे. भात तिथेच झोडायचं, तिथेच वाळवायचं, आमसुलं तिथे, पापड तिथे, पाहुणा आला की त्याला बाकडं तिथे, आणि घरातलं रांगतं मूलही दिवसभर तिथेच. पावसात त्याचा चिखल होतो, म्हणून दर वर्षी कापणी आटोपली की खळं नव्याने करायचं. नवी माती पसरायची, पाणी मारायचं, हात भरून येईपर्यंत चोपण्याने चोपायचं, आणि तुळशीच्या लग्नाच्या आत शेणाने सारवून मोकळं व्हायचं. ज्याचं खळं तुळशीच्या लग्नाला तयार नसे त्याच्याबद्दल वाडीतल्या बायका जे बोलत ते मी इथे लिहीत नाही. आता माझं घर जामसंड्याला आहे आणि पुढे फरशा आहेत. येणारी जाणारी माणसं म्हणतात, एवढी मोकळी जागा होती, मातीचं खळं का नाही ठेवलंत, थंड राहतं. मी हसते आणि चहा टाकते. पन्नाशी उलटून गेली तरी त्याचं उत्तर मला दोन वाक्यांत देता येत नाही.

आमची वाडी कुडाळहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यापासून आत होती. घरात आम्ही चौघं. बाबा, ज्यांना सगळी वाडी नाना म्हणायची, आई, मी, तेव्हा सातवीत, आणि सुली. नाव सुलोचना, पण एवढं लांब नाव पेलायचं तिचं वय नव्हतं. माझ्या पाठची दोन मुलं जगली नाहीत, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ही आलेली, त्यामुळे ती आमच्या घरात पाय खाली ठेवीत नसे. सतत कोणाच्या तरी कडेवर. बाबा बाहेरून आले की ती दोन्ही हात वर करून उभी राहायची आणि बाबा हातपाय न धुताच तिला उचलायचे, आणि मग आई ओरडायची.

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा एक लहानसा कारखाना होता. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचं, एवढंच तिथलं काम. बाबांनी तिथे भट्टीवर काही दिवस काढले होते. शिसं वितळलं की वर काळा, जड, काचेसारखा कचरा येतो. त्याला तिथली माणसं कीट म्हणत. ते झाऱ्याने बाजूला ओढायचं, निवलं की ट्रॅक्टरमध्ये भरायचं आणि आमच्या सड्यावरच्या, म्हणजे वाडीमागच्या कातळमाळावरच्या, चिरे काढून टाकून दिलेल्या खाणीत नेऊन ओतायचं. पुढे कारखान्याने माणसं कमी केली आणि बाबा घरी आले. पण येताना एक गोष्ट डोक्यात घेऊन आले. भट्टीवाल्याला नेहमी घाई असते, आणि घाईत ओढलेल्या किटाबरोबर शिसंही निघून जातं. म्हणजे सड्यावर जे पडलंय तो कचरा नाही, ते कोणीतरी विसरून गेलेलं शिसं आहे. हे ते इतक्या वेळा सांगायचे की आई म्हणायची, "आता ह्या एकदा भिंतीवर लिवन ठेवा, म्हणजे सांगुचे कष्ट वाचतले."

तेव्हापासून आमच्या घरात दिवस हातोडीने उजाडू लागला. फणसाच्या झाडाखाली आई किटाचे गोळे फोडत बसायची, बाबा फुटलेले तुकडे तळहातावर घेऊन तोलायचे. जड लागला तो डाव्या हाताला, हलका तो मागे. मग ते जड तुकडे कुटायचे आणि परातीत घालून व्हाळावर, खालच्या ओढ्यावर, न्यायचे. परात पाण्यात गोल गोल हलवली की हलकी काळी रेती काठावरून निसटून जाते आणि तळाशी करडे, मऊ कण राहतात. हे काम माझं. थंडीत बोटं वाकडी व्हायची, पण त्या कणांना हात लावायला मला आवडायचं. मग संध्याकाळी परसात करवंट्यांच्या कोळशावर लोखंडी कढई चढायची. कण आधी नुसतेच बसून राहत, आणि मग एकाएकी सगळे मिळून एक होत. बाबा पळीने ते दगडात कोरलेल्या साच्यात ओतायचे. जाळ्याच्या कडेला लावतात ते शिशाचे मणी. थंड झाले की ते मी पाटावर रांगेत मांडायची आणि सुली ती रांग मोडायची. ओलं झालं की किटाला कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. तो आमच्या कपड्यांना, केसांना, अंथरुणाला होता, आणि वर्गातल्या मुली माझ्या बाकावर बसायला नाखूश असत. जेवणालाही कसलीशी गोडसर चव असे. उकड्या तांदळाची पेज, त्यात लोणच्यातल्या कैरीची फोड, भाजलेला सुका बांगडा, आणि या सगळ्यावर ती न मागितलेली गोडी. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी पेज अशी लागते.

शनिवारी बाबा मणी पिशवीत भरून मालवणला जायचे, आणि शाळा नसली तर मला न्यायचे. पिशवी दिसायला एवढीशी. एसटीत कंडक्टर ती एकदा सरकवायला गेला आणि कमरेला हात लावून उभा राहिला. "नानानु, देव भरून हाडलास काय ह्येच्यात?" सगळी गाडी हसली. बाबाही हसले, पण त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं ते मी नंतर फारसं पाहिलं नाही. बंदरावर होड्या लागलेल्या असत, जाळी पसरलेली असत, आणि त्यांच्यात बसलेली माणसं बाबांना लांबूनच हाक मारत. मणी हातात घेऊन वजन बघत, दातांनी दाबून बघत. "बरा शिसा आसा. तुझ्याकडचा समुद्रात तरंगणा नाय," असं एक म्हातारा तांडेल दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी बाबा त्याला नवीन ऐकल्यासारखे हसायचे. परत येताना आमच्या पिशवीत बांगडे असत, कधी पेडवे, आणि रात्री घरात तिरफळं घातलेल्या कालवणाचा वास किटाच्या वासावर मात करायचा. टाकलेल्या वस्तूतून माणूस इतकं काही काढू शकतो याचा त्यांना मोठा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. हे मला आजही म्हणावंसं वाटतं, कारण पुढे जे झालं त्यानंतर त्यांच्या या कामाबद्दल कोणी चांगलं बोललं नाही.

धुतल्यावर उरलेल्या काळ्या रेतीचा परसात मोठा ढीग झाला होता. त्या वर्षी पाऊस लांबला आणि आमचं खळं पार धुपून गेलं. बाबांनी माती आणली, आणि मग ढिगाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. निम्मी माती, निम्मी किटाची रेती असं कालवून त्यांनी खळं चोपलं.

आई म्हणाली, "वास येता हो ह्येचो."

"सुकल्यार जातलो."

सुकल्यावर वास खरंच गेला. आणि खळं असं झालं की तसं वाडीत कोणी पाहिलं नव्हतं. काळंभोर, घट्ट, टाच मारली तर टाच दुखावी. तुळशीच्या लग्नाला भटजी आणि त्यांच्या मागून सगळी वाडी घरोघर फिरते. आमच्याकडे आल्यावर लोक तुळशीकडे बघायचे सोडून खाली बघू लागले. शेजारचे तातूकाका उकिडवे बसले आणि त्यांनी हात फिरवून पाहिला. "खळा म्हणजे आरसो मरे, नाना!" सुली त्या दिवशी नवीन परकर घालून खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती, चुरमुऱ्यांच्या मुठी भरत होती, आणि अंतरपाट धरायला मलाच द्या म्हणून हटून बसली होती. तातूकाकांची बायको जनीकाकी जाताना म्हणाली, "आमका पण दोन टोपल्यो दी रे त्या रेतयेच्यो." तिने दोन मागितल्या तर बाबांनी चार दिल्या. मग दुसरे आले, तिसरे आले. ढीग संपला तेव्हा बाबांनी सड्यावरून आणखी कीट आणून, कुटून दिलं. निम्म्याहून अधिक वाडीची खळी त्या वर्षी काळी झाली. कोणाला नाही म्हणणं बाबांना जमत नसे, आणि आता तर वाडी त्यांच्या दारात येत होती, कारखान्यातून काढलेल्या माणसाच्या दारात.

त्या खळ्यावर मुंगी यायची नाही. गुळाचा खडा पडला, आंब्याची साल पडली, तरी नाही. वाळवी नाही, गवताचं पातं नाही. बायकांना याचं फार कौतुक वाटायचं. जिथे मुंगीसुद्धा पाय ठेवत नाही तिथे आपण पोर बसवतोय, हे कोणाच्या मनात आलं नाही. का यावं? खळं तर खळंच असतं.

आधी कोंबड्या गेल्या. मान टाकून, पाय ताणून. मानमोडीची साथ म्हणून आम्ही त्या पुरल्या. मग सुलीचं पोट दुखायला लागलं. ती खळ्यावर बसून बोट ओलं करायची, मातीवर घासायची आणि चाटायची. आईने फटके दिले, जंत असतील म्हणून वावडिंग उगाळून पाजलं. पण तिचं अंग पांढरं पडत गेलं, जेवण सुटलं, आणि पळणारी पोर भिंतीला टेकून बसू लागली. बाबा देवळात गेले. गावकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, देवाला कौल लावला, आणि निघालं ते असं, की सड्यावरच्या खाणीत राखणदार देवचार आहे, त्याच्या जागेतलं न विचारता उचललंय. बाबांना ते पटलं. त्यांनी खाणीच्या काठावर कोंबडा दिला, नारळ ठेवला, हात जोडून म्हणाले, "माझी चूक झाली, लहान पोर आसा, तिका सांभाळ." त्याच आठवड्यात सुलीला झटका आला. डोळे वर, मुठी आवळलेल्या. आईची किंकाळी ऐकून जनीकाकी धावत आली आणि तिने सुलीच्या दातांत पदराचा बोळा घातला. तातूकाकांनी कोणाची तरी जीप आणली. कुडाळच्या डॉक्टरांनी बघताच गोव्याला न्या म्हणून सांगितलं.

गोव्याच्या त्या मोठ्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सुलीचा ओठ वर करून हिरडीवरची निळसर रेघ पाहिली, पुन्हा पाहिली, आणि बाबांना विचारलं, तुम्ही काम काय करता. बाबांनी सांगितलं. सांगताना नेहमीसारखं, भट्टीवाल्याच्या घाईपासून सुरू केलं. बाईंनी त्यांना मधे थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी रक्ताचा तपास आल्यावर त्या म्हणाल्या, "हिच्या अंगात शिसं भिनलंय. आम्ही औषध देतो, पण मेंदूपर्यंत गेलंय. किती परत मिळेल ते सांगता येणार नाही. आणि घरात ही वस्तू आहे तोवर हिला घरी नेऊ नका."

"घरात नाय, बाय," बाबा म्हणाले. "खळ्यात."

बाईंना खळं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. ते बाबांनीच सांगितलं. सांगता सांगता ते थांबले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तातूचो नातू." एवढंच. मला कळलं. तातूकाकांचा नातू तेव्हा नुकता रांगायला लागला होता, आणि त्यांचं खळं तर आमच्यापेक्षाही काळं होतं. मला त्या क्षणी इतकी भीती वाटली की सुलीपाशी बसून राहावंसं वाटेना आणि घरीही जावंसं वाटेना.

आई सुलीजवळ राहिली. बाबा आणि मी परत आलो, आणि आल्या आल्या बाबांनी कुदळ घेतली. फाल्गुनातलं ऊन, वाळवण घालायचे दिवस, आणि हा माणूस चांगलं दगडासारखं खळं खणतोय म्हटल्यावर वाडी कुंपणाशी जमली. बाबांनी काही लपवलं नाही. कपाळाचा घाम पुसत डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच सांगितलं, आणि म्हणाले, "तुमचीय खणूक व्हयी. मी खणतंय. सगळ्यांची. तुमी फक्त पोरांका खाली सोडू नकात."

तातूकाका म्हणाले, "खणून ती माती खंय नेतलंस?"

"सड्यार. खाणीत."

"आणि मगे परत थयसून कुटूक हाडतलंस?"

बाबांना आधी कळलंच नाही. मला कळलं, कारण मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ज्या माणसाने इतके दिवस ओरडून सांगितलं की टाकलेल्या किटात शिसं असतं, तो आता दिलेलं कीट परत मागत होता. म्हणजे त्यात काहीतरी राहिलं असणार. शिशाचा भाव वाढला असणार. पोरीचं आजारपण खरं, पण तेवढ्यात हाही आपला फायदा बघून घेतोय. असं लोक उघड म्हणाले नाहीत. आमच्याकडे असं उघड म्हणत नाहीत. ते म्हणाले, "बघूया", "शिमगो जावंदे", "म्हाताऱ्याक विचारतंय". जनीकाकी तर बाबा बोलत असतानाच नातवाला शेजारच्या आपल्या खळ्यावर ठेवून सूप घ्यायला आत गेली. बाबा पोराकडे बघत राहिले आणि पुढे झाले, तशी ती लगबगीने बाहेर आली आणि तिने त्याला उचललं. बाबांपासून दूर नेलं, खळ्यापासून नाही.

बाबा रोज जात राहिले. खांद्यावर कुदळ आणि हातात घमेलं, वासुदेवासारखे घरोघर. लोक आधी हसत, मग वैतागू लागले. एका घरी तर म्हाताऱ्याने, रात्री नाना येऊन खळं उकरून नेईल म्हणून खळ्यातच अंथरूण घातलं. त्या अंथरुणावर त्याची दोन नातवंडं झोपत. मला लोकांचा राग आला तो अजून गेलेला नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना पटेल असं बाबांजवळ काय होतं? गोव्याचा कागद इंग्रजीत होता. शिसं डोळ्यांना दिसत नव्हतं. आणि मुलं अजून खेळत होती.

सुली घरी आली तेव्हा पावसाळा जवळ आला होता. आमचं खळं तोवर गुडघाभर खोल खणून, नवी लाल माती घालून झालेलं होतं. आईने तिला जीपमधून उतरवलं आणि मी हात पुढे केले. तिची मान आईच्या खांद्यावर अशी पडली होती की मला वाटलं झोपली आहे. झोपली नव्हती. पाय होते, पण ते तिचं ऐकत नव्हते. माझं नाव, आईचं, बाबांचं, काऊ, म्हावरं, सगळे शब्द गेले होते. एक आवाज तेवढा राहिला होता, लांबलेला, गळ्यातून येणारा, आणि तो ती आनंद झाला की काढायची. ती आता माझ्याजवळ असते. चाळिशीची बाई आहे. केस पिकू लागलेत, मी रोज विंचरते. तो आवाज तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई व्हाळावर गेली असताना बाबांनी सुलीला न्हाऊ घातलं. तुळशीच्या लग्नातला परकर काढून नेसवला. तो तिला सैल झाला होता, तो त्यांनी सुतळीने बांधला. मी विचारलं, खंय? ते म्हणाले, "पंचो हाड." कुदळ त्यांनी घेतली नाही.

पहिलं घर तातूकाकांचं. सगळी खळ्यावर होती, पोरही. बाबांनी पंचा पसरला, त्यावर सुलीला बसवलं आणि हात काढून घेतले. ती एका अंगावर कलंडली. बाबांनी तिला सरळ केलं, पुन्हा हात काढून घेतले, ती पुन्हा कलंडली.

"तुळशीच्या लग्नाक ही धावत होती," बाबा म्हणाले. "तुमी सगळ्यांनी बघल्यात. आता बघा."

तातूकाका खाली बघत उभे राहिले. जनीकाकीने नातवाला खळ्यावरून उचललं, त्याची बोटं पदराने पुसू लागली, पुसतच राहिली. बाबांनी सुलीला खांद्यावर घेतलं, पंचा झटकला आणि पुढच्या घरी गेले. तिथेही पंचा पसरला, तिथेही हात काढून घेतले. तेच शब्द, कमी नाही, जास्त नाही. वाडीतलं एकही काळं खळं त्यांनी सोडलं नाही. मी मागून चालत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. फक्त सुली खूश होती. किती महिन्यांनी ती बाबांच्या खांद्यावर बसून बाहेर पडली होती. प्रत्येक घराच्या बेड्याशी, कुंपणाच्या दाराशी, आलो की ती तो आवाज काढायची, माणसं दिसली की हात हलवायची, आणि पंच्यावर कलंडल्यावरही हसायची.

आम्ही परतलो तेव्हा तातूकाकांकडे कुदळीचा आवाज सुरू झाला होता. आई दारात उभी होती. तिला कोणीतरी व्हाळावरच सांगितलं असणार, कारण धुणं तसंच ओलं, न पिळलेलं, पायाशी पडलं होतं.

"दाखवन इलास?" तिने विचारलं.

"होय."

"सगळ्यांका?"

"सगळ्यांका."

आईने पुढे होऊन सुलीला त्यांच्या खांद्यावरून ओढून घेतलं. तिला छातीशी घट्ट धरलं आणि बाबांकडे पाठ केली. आई त्यानंतर त्यांच्याशी गरजेपुरतंच बोलली, ते जाईपर्यंत. खाली दुसऱ्या घरी कुदळ लागली, मग तिसऱ्या. बाबा मोकळ्या हातांनी खळ्यात उभे होते. आणि सुली आईच्या खांद्यावरून मान उचलायची धडपड करत, दोन्ही हात त्यांच्याकडे करून, तो आवाज काढत होती. तिला अजून फिरायचं होतं.